सोरीची सात मिनिटं

आमच्या मंडळात मी 'सत्तर भाषा येणारी बाई' म्हणून प्रसिद्ध आहे. ही अफवा कुणी उठवली ते माहीत नाही, पण मीही ती कधी खोडून काढलेली नाही. गणपतीत ताट घेऊन रांगेत उभी राहिले की युनिव्हर्सिटीतलं एखादं नवीन पोरगं येतं आणि म्हणतं, "मावशी, सोमाली बोलून दाखवा ना यार!" मला सोमाली येत नाही. मराठी येते, हिंदी येते, आणि इंग्रजी पोटापुरती येते. माझ्या मुलाच्या मते तीही येत नाही.

ह्यूस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बावीस वर्षं मी दुभाष्यांच्या टेबलावर बसले. पेशंटला इंग्रजी येत नाही, डॉक्टरला इंग्रजीखेरीज काही येत नाही, तर दोघांच्या मध्ये बसवायला माणूस शोधायचा, एवढंच काम. लग्न जुळवण्यासारखं, फक्त पत्रिका न बघता आणि दहा मिनिटांत. नवरा सकाळी शुगर लँडहून पाइपलाइनच्या ऑफिसात जायचा, मी त्याच ट्रॅफिकमध्ये त्याच्या मागे अर्ध्या तासानं निघायचे. त्याच्या ऑफिसात काय चालतं ते मला कळलं नाही आणि माझ्या ऑफिसात काय चालतं ते त्याला. संसार सुखाचा झाला.

दुभाष्याच्या धंद्याचे नियम बाहेरच्यांना विचित्र वाटतात. पेशंट म्हणाला, "माझं पोट दुखतंय," तर दुभाष्यानंही "माझं पोट दुखतंय" असंच म्हणायचं. "हा म्हणतोय की याचं पोट दुखतंय" असं नाही. जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, शिव्यांसकट. आणि स्वतःच्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. नातेवाइकांना तर दुभाषी करायचंच नाही. या शेवटच्या नियमाचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. डॉक्टर चार मिनिटं बायपासबद्दल बोलले, आणि आपल्याच एका मराठी मुलानं आईला सांगितलं, "काही नाही गं, गोळ्या बदलल्यात." आईनं विचारलं, "मग मटकीची उसळ चालेल ना?" डॉक्टरांना वाटलं, बाईनं ऑपरेशनबद्दल प्रश्न विचारला. ते म्हणाले, "उत्तम प्रश्न आहे."

माझ्या हातून जी चूक झाली, तिची सुरुवात मात्र साताऱ्याच्या एका काकांपासून झाली. नाव सांगत नाही, कारण ते हा अंक विकत घेऊन वाचतात. काका मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते आणि त्यांना मूळव्याधीनं गाठलं. मी मोठ्या कौतुकानं एक जिवंत मराठी दुभाषी त्यांच्या खोलीत पाठवली. ती निघाली सूनबाईंच्या भिशीतली. तिला बघताच काका मागून उघडा असलेला तो हॉस्पिटलचा झगा सावरत उठले आणि आयुष्यातलं एकमेव सलग इंग्रजी वाक्य बोलले, "आय अ‍ॅम फुल्ली ऑल राइट, थँक यू." आणि चपला शोधायला लागले.

मी चूक ओळखली. लहान भाषा म्हणजे लहान गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोनवरचा दुभाषी दिला. फोनवरचे दुभाषी कुठल्या तरी दूरच्या राज्यात आपापल्या घरी बसलेले असतात. नाव सांगत नाहीत, फक्त नंबर सांगतात. यंत्रातून आवाज आला, "दुभाषी क्रमांक अमुक-तमुक." काका खुलले. चाळीस मिनिटं बोलले. त्यात मूळव्याध दहा मिनिटं होती आणि बाकी सगळी सून होती.

त्या यशाच्या भरात मी एक धोरण लिहून काढलं. लहान भाषांच्या पेशंटना शक्यतो ओळखीचा दुभाषी द्यायचा नाही. फोन, नंबर, आणि कामाशी काम. साहेबांना ते इतकं आवडलं की मला एक काचेचा ठोकळा बक्षीस मिळाला. त्यावर माझं नाव चुकीचं कोरलेलं आहे. नवरा त्यावर चहाचा कप ठेवतो.

आता टेम्ने. पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओन नावाचा देश आहे, त्याच्या उत्तरेकडच्या भागात लाखो लोक ही भाषा बोलतात. आमच्या रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर मात्र ही भाषा बोलणाऱ्या पेशंटच्या कागदावर भाषेच्या रकान्यात 'आफ्रिकन' असं लिहून यायचं. मी खाली जाऊन भांडायचे. "तुम्ही माझ्या कागदावर 'आशियाई' लिहाल आणि मला जपानी दुभाषी द्याल का?" खिडकीतली मुलगी शांतपणे विचारायची, "का, तुम्हाला जपानी येत नाही?"

सिएरा लिओनमध्ये बाजारात आणि शहरात सगळ्यांना जोडणारी भाषा क्रिओ. त्यामुळे पुष्कळ हॉस्पिटलं क्रिओचा दुभाषी देऊन मोकळी होतात. पण गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला क्रिओ देणं म्हणजे गडचिरोलीच्या आतल्या भागातल्या आजीला हिंदी दुभाषी देण्यासारखं आहे. ती सगळ्याला "हां जी" म्हणेल आणि घरी गेल्यावर विचारेल, काय म्हणत होता तो बाप्या? तर मी टेम्नेचा माणूस शोधायला लागले, आणि मला सोरी सापडला.

सोरी विमानतळावर पार्किंगची बस चालवायचा. पन्नाशीचा, उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि आवाज असा की बसमध्ये माइक लागत नसे. त्यानं परीक्षा दिली, पास झाला, माझ्या यादीत आला. माणूस सोन्यासारखा, पण त्याची एक खोड होती. पेशंटच्या खोलीत गेला की तो आधी टोपी काढायचा, वाकायचा, "सेके" म्हणायचा, म्हणजे नमस्कार. इथपर्यंत ठीक. मग रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत, गावाकडचे कसे आहेत. मग आपण कोणाचे, वडील कोण, गाव कुठलं, त्या गावाच्या शेजारचं गाव कुठलं, तिथे आपली आत्या दिलेली आहे की नाही. हे सगळं टेम्नेत, आणि डॉक्टर बाजूला उभे. मी एकदा घड्याळ लावलं, सात मिनिटं झाली. आमच्या डॉक्टरांना एका पेशंटला मिळतात पंधरा.

तक्रारी आल्या. मी सोरीला बोलावलं.

"तुम्ही पेशंटशी खासगी गप्पा मारता," मी म्हटलं.

"गप्पा नाही मॅडम. मी तिला विचारतो, रात्री झोप लागली का."

"डॉक्टरांनी ते विचारलेलं नसतं."

"विचारायला पाहिजे ना मॅडम," तो म्हणाला. "मी तर नुसती बस चालवतो."

मी त्याला लेखी समज दिली. दुसऱ्यांदाही दिली. तिसऱ्यांदा माझ्या त्या बक्षीसपात्र धोरणाचा आधार घेऊन यादीतून नावच काढलं. त्यानं वाद घातला नाही. जाताना दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि घरच्यांची चौकशी केली. मी म्हटलं, "सगळे ठीक," आणि पुढच्या फाइलकडे वळले.

मग माबिंटी आजी आल्या. त्यांच्यात वडीलधाऱ्या पुरुषाला 'पा' म्हणतात आणि बाईला 'या'. पण मराठीत 'या माबिंटी' लिहिलं की वाचणारा विचारेल कुठली माबिंटी, म्हणून मी आजीच म्हणते. सत्तरीच्या, बारीक, डोक्याला घट्ट फडकं बांधलेल्या. मुलगी कादियातू वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची, एकापाठोपाठ दोन पाळ्या. आजीच्या डाव्या पायाची दोन बोटं मधुमेहानं काळी पडली होती. डॉ. व्हिटेकर नावाचा तरुण सर्जन होता. तो म्हणाला, "दोन बोटं आत्ता काढली तर पाय वाचेल. थांबलो तर वर चढेल." सोमवार सकाळ होती. आजी शुद्धीत होत्या, शहाण्या होत्या, त्यामुळे सही त्यांनीच करायची होती. त्याशिवाय कुणाला हात लावता येत नव्हता.

धोरणाप्रमाणे पलंगाशेजारी फोन ठेवला. यंत्रातून नंबर आला, मग टेम्नेत व्हिटेकरचं म्हणणं आलं. आजींनी सगळं ऐकलं. मान डोलावली. कागद पुढे केला तर हात पदराखाली घेतले, म्हणजे त्यांच्या त्या रंगीत कापडाखाली. पुन्हा विचारलं, पुन्हा मान डोलावली, पुन्हा हात आत.

व्हिटेकर माझ्याकडे आला. मी त्याला धंद्यातलं गुपित सांगावं तसं सांगितलं, "छोटी कम्युनिटी आहे. ओळखीचं कुणी ऐकत असेल म्हणून बाई घाबरतेय. आमच्यातही असंच असतं." आणि त्याला साताऱ्याच्या काकांची गोष्ट ऐकवली. तो हसला. माझ्यावर विश्वास ठेवला बिचाऱ्यानं.

मंगळवारी मी नंबर बदलला. कदाचित पुरुष नको असेल, म्हणून बाई दिली. तेच झालं. बुधवारी तिसरा नंबर दिला, आणि या वेळी मी स्वतः लाइनवर कान लावून बसले. यंत्रातला माणूस म्हणाला, "सेके, या." आजींनी पहिल्यांदाच मान वर केली. त्या काहीतरी बोलल्या. तो उत्तर द्यायला लागला, त्यात मला एक माणसाचं नाव ऐकू आलं, एक गावाचं. मी ताबडतोब मध्ये पडले. "दुभाषी, कृपया स्वतःची माहिती देऊ नका." तो म्हणाला, "सॉरी मॅडम." आजींनी मान पुन्हा खाली घातली.

ते "सॉरी मॅडम" माझ्या कानात अजून आहे. इतका समजूतदार आवाज होता तो, आणि मी त्याला नियम शिकवत होते.

गुरुवारी सकाळी कादियातू रात्रपाळी संपवून थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. अंगावर त्या वृद्धाश्रमाचे जांभळे कपडे, डोळे लाल. म्हणाली, "मला फक्त एवढं सांगा, माझ्या आईशी अजून कुणी का बोललेलं नाही?"

"म्हणजे? तीन दिवस रोज बोलतायत."

"मी रोज येऊन विचारते. ती म्हणते, अजून कोणी आलं नाही. मला वाटलं डॉक्टर बिझी असतील. आज नर्स म्हणते, तुझी आई ऑपरेशनला नकार देतेय. कसला नकार? तिला कोणी विचारलंच नाही!"

मी समजावून सांगितलं. फोन, दुभाषी, गुप्तता. "नाव सांगत नाहीत ते तिच्याच भल्यासाठी," मी म्हटलं.

कादियातू टेबलावर वाकली. "मॅडम," ती म्हणाली, "तिच्या पायाचा तुकडा कापायचा आहे, आणि जो विचारतोय तो कोणाचा मुलगा आहे हेही सांगत नाही? ती कशाला उत्तर देईल?"

आता खरं तर हे मला कळायला हवं होतं. आमच्या वर्ध्याच्या घरी गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला तरी माझी आई आधी विचारायची, तू कोणाचा रे? आणि तो अमक्याचा निघाला की मगच त्याला आत घ्यायची, वर चहा द्यायची. पण मी हॉस्पिटलात जाताना हे सगळं पार्किंगमध्ये ठेवून जायचे. एका काकांच्या मूळव्याधीवरून मी सगळ्या लहान भाषांचं शास्त्र मांडलं होतं. कपाळावर हात मारायलाही मला लाज वाटली.

सोरीला फोन लावला. मला वाटलं, तो ऐकवेल. मी ज्याला काढून टाकलं तोच माणूस, त्याला ऐकवायचा हक्क होता. तो म्हणाला, "नमस्कार मॅडम. तुमचे मिस्टर कसे आहेत? मुलगा कसा आहे?" या वेळी मी दोघांचीही तब्येत सविस्तर सांगितली. नवऱ्याचं कोलेस्टेरॉलसुद्धा सांगितलं. मग त्यानं विचारलं, "बोला, काय काम आहे?"

तासाभरात तो बसच्या युनिफॉर्मवरच आला. खोलीत गेला, टोपी काढली. पलंगाच्या कडेला एक खुर्ची होती, पण तो ठेंगण्या स्टुलावर बसला, आजीपेक्षा खाली. सेके. आणि मग ते सुरू झालं. मला शब्द कळत नव्हते, पण काय चाललंय ते सगळं कळत होतं. वडिलांचं नाव. गाव. नदीच्या अलीकडचं की पलीकडचं. मध्येच आजींनी हात उचलला, काहीतरी विचारलं, सोरी म्हणाला हो, आणि दोघंही हसले. सोरी मला म्हणाला, "माझ्या आजोबांनी यांच्या गावातून बायको केली होती. यांच्या मते महाग पडली." व्हिटेकरनं एकदा घड्याळ पाहिलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं घड्याळाचा हात खिशात घातला.

सात नाही, अकरा मिनिटं लागली. मग आजी व्हिटेकरकडे वळल्या. सोरी नियमाप्रमाणे बोलला, "आणि तू कोणाचा मुलगा?"

व्हिटेकर गोंधळला. माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सांग."

"माझे वडील शेतकरी आहेत," तो म्हणाला. "ओहायोत. आई शाळेत शिकवायची." मग म्हणाला, "माझ्या आजीचा पाय असाच गेला. मी बारा वर्षांचा होतो."

हे त्यानं आजवर त्या हॉस्पिटलात कुणाला सांगितलं नसावं. आजींनी ऐकलं. मग आपला पाय चादरीबाहेर काढला, आणि पहिल्यांदा त्यांनी विचारायला सुरुवात केली. कुठून कापणार? कापलेलं मला परत मिळेल का, आम्ही ते पुरतो. नमाजाला उभी राहू शकेन का? मुलीला किती दिवस सुट्टी घ्यावी लागेल? इतके नेमके प्रश्न मी आमच्या इंजिनिअर मंडळींकडूनही ऐकलेले नाहीत. व्हिटेकरनं प्रत्येकाचं उत्तर दिलं. आजींनी अंगठा नाही, सही केली, वळणदार अक्षरात.

पण व्हिटेकर पाय बघत होता. बाहेर आल्यावर त्यानं मला सांगितलं, "सोमवारी दोन बोटं होती. आता अर्धं पाऊल जाईल." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

अर्धं पाऊल गेलं. आजी वाचल्या, जखम भरायला लागली, कादियातूनं ते पुरण्याची व्यवस्था केली. मी धोरण बदललं. सोरीला यादीत परत घेतलं, आणि टेम्नेच्या सगळ्या भेटींना अर्धा तास लावून दिला. साहेबांनी विचारलं, अर्धा तास कशाला? मी म्हटलं, दुभाषी रोगाचा पूर्वेतिहास घेतो. खोटं नव्हतं ते.

हे सगळं करून झालं, पण आजींच्या खोलीपुढून जाताना मी मान वळवायचे. मला माहीत होतं की त्या पावलाचा दोष माझ्याकडे आहे. व्हिटेकरकडे नाही, फोनवरच्या त्या माणसाकडे तर मुळीच नाही. त्यांना घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी सोरीला म्हटलं, मला त्यांची माफी मागायची आहे, तू चल. हॉस्पिटलच्या वकिलांना हे कळलं असतं तर त्यांना भोवळ आली असती. अमेरिकेत माफी मागणं हा मोठा धोक्याचा व्यवहार आहे. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत गेले, गळ्यातला बिल्ला काढून.

मी दारातच सुरू केलं. रात्रभर पाठ केलं होतं ना! "आजी, तो फोनचा नियम मी केला होता. तो माणूस तुम्हाला नाव सांगत होता, त्याला मीच गप्प केलं. माझ्यामुळे तीन दिवस गेले, आणि तुमचं पाऊल गेलं. मला माफ करा."

सोरीनं सगळं टेम्नेत सांगितलं, एकही शब्द न गाळता. सांगताना तोही 'मी' म्हणूनच बोलत असणार. त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की पाऊल त्यानंच घालवलं आहे.

आजी शांतपणे ऐकत होत्या. मग त्या बोलल्या, बऱ्याच बोलल्या. सोरीनं टोपी हातात फिरवली.

"मी ऐकलं," तो म्हणाला. "पण तू पुन्हा तेच करते आहेस. दारात उभी राहून एकदम कामाचं बोलते आहेस. आत ये. बस. तू कोणाची, कुठली, घरी कोण कोण आहे, ते आधी सांग. तू कोण हेच मला माहीत नाही, मग माफ कोणाला करू?"

मी खुर्ची ओढली. मग ती सोडून त्या ठेंगण्या स्टुलावर बसले. माझ्या गुडघ्यांनी निषेध नोंदवला. मी सांगितलं, मी सुनंदा, वर्ध्याची. वडील पोस्टात होते. गावात कापूस होतो, ऊन फार. आजींनी विचारलं, नदी आहे का? म्हटलं, आहे, गावाच्याच नावाची. दोन भाऊ? हो, एक नागपूरला, एक पुण्याला. मुलं? एकच मुलगा, चँडलरला असतो, चिप्स बनवतो, खायच्या नव्हे. सोरीनं तो विनोद टेम्नेत कसा केला कोण जाणे, आजी हसल्या.

"आणि आई?" त्यांनी विचारलं. "आई कशी आहे?"

मी म्हटलं, "आई गेली. तीन वर्षं झाली. मला जाता आलं नाही, इथे रजेचा घोळ होता. फोनवरच दाखवली मला."

हे मी त्या इमारतीत कोणालाही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आठ वाजता कामावर होते आणि तीन व्हिएतनामी दुभाषी शोधून दिले होते.

आजी पलंगावर सरकल्या. बँडेज बांधलेला पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बाजूला ठेवला, कारण त्यांना माझ्यापर्यंत पोहोचायचं होतं. माझा हात धरून त्या बोलायला लागल्या, खालच्या सुरात, एका लयीत. सोरी पहिली दोन वाक्यं बोलला, देवाला ते कुरू म्हणतात, त्याचं नाव आलं, आईच्या वाटेला उजेड मिळो असं काहीसं आलं. मग तो थांबला. बावीस वर्षं मी ज्या नियमासाठी लोकांना समज दिली, तो मोडून तो गप्प बसला, आणि मी त्याला काही म्हटलं नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. नर्स ड्रेसिंगला आली, तिनं आम्हाला बाहेर काढलं. मी आजींना मोमो म्हटलं, म्हणजे धन्यवाद, तेवढंच येत होतं. त्यांनी हात हलवला. लिफ्टपर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं की ओळख झाल्यावर माफी पुन्हा मागायची राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी गेल्या.